काळ्या मातीच्या थरांतले पाणी आणि टिप३पी : एका सिम्युलेशनचा प्रकरण अभ्यास

नागपूर दोन भूवैज्ञानिक प्रदेशांच्या सीमेवर वसलेले आहे. पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट आणि पूर्वेला त्याहून पुष्कळ जुने रूपांतरित खडक अशी ही मांडणी असून, बेसाल्ट झिजून तयार झालेली काळी माती कापसाच्या वावरांपासून इमारतींच्या पायांपर्यंत सगळीकडे आपले गुण दाखवते. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. या फुगण्या-आटण्याचे मूळ तिच्यातल्या स्मेक्टाइट गटातील चिकणमातीच्या खनिजांत आहे आणि मॉन्टमोरिलोनाइट हा त्या गटाचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला प्रतिनिधी होय. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मुख्यालय नागपुरातच असल्यामुळे मातीची जाण असलेल्या माणसांची या शहरात वाण नाही. मातीतल्या पाण्याचा एकेक रेणू संगणकावर हलवून पाहणारे मात्र अजून थोडेच आहेत.

शहरातल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने नेमके हेच काम हाती घेतले होते. मॉन्टमोरिलोनाइटच्या दोन पापुद्र्यांमध्ये अडकलेले पाणी २५ अंश सेल्सिअसला किती वेगाने सरकते आणि नवतप्यात माती ४५ अंशांवर गेली की त्या वेगात किती फरक पडतो, असा तिचा प्रश्न होता. प्रबंधातील या प्रकरणाचा मसुदा शोधनिबंध म्हणून पाठवण्यापूर्वी विभागाने अंतर्गत परीक्षण ठेवले आणि त्यासाठी मला बोलावले. पुढील टिपण त्या परीक्षणातून तयार झाले आहे. ते लिहिण्याचे कारण असे की जो दोष सापडला तो त्या एका विभागापुरता नाही. रेणूंची सिम्युलेशन करणाऱ्या अनेक गटांत पाण्याचे मॉडेल, म्हणजे पाण्याच्या रेणूचे संगणकासाठी सोपे केलेले चित्र, निवडले जात नाही, ते वारसाहक्काने मिळते. इथे ते टिप३पी नावाचे मॉडेल होते.

मांडणी

मॉन्टमोरिलोनाइटचा एक पापुद्रा तीन स्तरांचा असतो. मधे ॲल्युमिनियमचा अष्टफलकीय स्तर आणि त्याच्या दोन्ही अंगांना सिलिकॉनचे चतुष्फलकीय स्तर अशी त्याची रचना आहे. मधल्या स्तरातील काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते. त्यामुळे पापुद्र्यावर ऋण प्रभार उरतो आणि तो भागवण्यासाठी दोन पापुद्र्यांच्या फटीत सोडियम किंवा कॅल्शियमसारखे धन आयन येऊन राहतात. या आयनांभोवती पाणी जमते आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर ढकलले जातात. कोरड्या अवस्थेत एका पापुद्र्याच्या तळापासून पुढच्या पापुद्र्याच्या तळापर्यंतचे अंतर सुमारे ९.६ अँगस्ट्रॉम असते (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग). पाण्याचा एक थर आत शिरला की ते सुमारे १२.५ आणि दोन थर शिरले की सुमारे १५.५ होते. म्हणजे दोन थरांच्या अवस्थेत पाण्याला मिळणारी फट जेमतेम सहा अँगस्ट्रॉमची असते.

विद्यार्थिनीने सोडियमयुक्त मॉन्टमोरिलोनाइटची दोन थरांची अवस्था घेतली. खनिजासाठी तिने २००४ साली प्रसिद्ध झालेले क्लेएफएफ हे फोर्स फील्ड, म्हणजे अणूंमधली बले ठरवणाऱ्या सूत्रांचा आणि आकड्यांचा संच, वापरले आणि ही निवड निर्विवाद योग्य होती. पाण्यासाठी टिप३पी हे मॉडेल होते. ते का, असे विचारल्यावर जे उत्तर मिळाले ते अगदी प्रामाणिक होते. विभागात यापूर्वी प्रथिनांवर काम झालेले होते, त्या वेळच्या फाइली तयार होत्या आणि त्यांत पाण्याच्या ओळीत टिप३पी लिहिलेले होते. प्रथिनाची ओळ खोडून तिथे खनिज आले, आयनांची संख्या बदलली, तापमान बदलले. पाण्याची ओळ मात्र कोणीही न शिवता तशीच राहिली.

निष्कर्ष, जो जरा जास्तच चांगला होता

रेणू किती वेगाने भटकतो हे विसरणांकाने मोजतात. या टिपणात विसरणांकाचे सर्व आकडे एकाच एककात दिले आहेत : दर सेकंदाला चौरस सेंटीमीटरचा एक लाखावा भाग. २५ अंशांना मोकळ्या, खऱ्या पाण्याचा विसरणांक या एककात २.३ भरतो.

सिम्युलेशनमध्ये फटीतल्या पाण्याचा आकडा २ च्या आसपास आला होता. मसुद्यात त्यावरून असा निष्कर्ष काढला होता की दोन थरांच्या अवस्थेत पाणी जवळपास मुक्त पाण्याप्रमाणेच वागते आणि म्हणून काळी माती आपली ओल इतक्या सहज सोडून देते. वाक्य आकर्षक होते, आणि वावरात उभ्या असलेल्या माणसाला पटणारेही होते. न्यूट्रॉन प्रकीर्णनाचे (स्कॅटरिंगचे) प्रयोग मात्र वेगळे सांगतात. सहा अँगस्ट्रॉमच्या फटीत दोन्ही बाजूंना प्रभारित भिंत आणि मधे सोडियम आयन असताना पाण्याचा वेग मोकळ्या पाण्यापेक्षा बराच खाली जातो. एका थराच्या अवस्थेत तर तो कित्येक पटींनी घटतो. मसुद्यात या विसंगतीचा उल्लेख होता आणि तिचे खापर नमुन्यातील दोषांवर फोडलेले होते : प्रयोगातील खनिज आदर्श नसते, पापुद्रे वाकलेले असतात, वाटा बंद पडतात. ही कारणे खोटी नाहीत. मात्र सिम्युलेशन आणि प्रयोग यांत तफावत दिसताच प्रयोगाचा नमुना आधी दोषी ठरवण्याची सवय आपल्या क्षेत्रात फार लवकर जडते, असे माझे मत आहे.

परीक्षणाच्या बैठकीत तिच्या मार्गदर्शक मॅडमनीच पहिली शंका काढली. "अगं, दोन भिंतींमध्ये चेपलेलं पाणी माठातल्या पाण्याइतकंच पळतंय, असं आपण लिहितोय ना? मग माठातलं पाणी तुझ्या संगणकावर किती पळतं, ते कुठे आहे?" मसुद्यात ते कुठेच नव्हते. मोकळ्या पाण्याचा आकडा प्रयोगातून घेतलेला होता आणि फटीतल्या पाण्याचा आकडा सिम्युलेशनमधून. दोन वेगळ्या पाण्यांची तुलना झालेली होती.

आधी तपासलेल्या गोष्टी

मॉडेलकडे बोट दाखवण्यापूर्वी नेहमीच्या चुका नाहीत ना, हे पाहणे भाग होते. फटीतल्या रेणूला भिंतीच्या काटकोनात फिरायला जागाच नसते. त्यामुळे त्याचे विस्थापन भिंतीला समांतर असलेल्या दोनच दिशांत मोजावे लागते आणि सूत्रात सहाऐवजी चाराने भागावे लागते. हे तिने बरोबर केले होते. तापमान राखण्यासाठी घर्षणावर चालणारी पद्धत वापरली तर रेणू कृत्रिमरीत्या मंदावतात. तिने वेगांचे प्रमाण जुळवणारी पद्धत वापरलेली होती, आणि तसेही आपल्याला मंद आकडा नव्हे तर अति वेगवान आकडा समजावून घ्यायचा होता. दूरवरच्या विद्युत बलांची गणना ईवाल्ड पद्धतीने होत होती. यांत आक्षेप घेण्याजोगे काही निघाले नाही.

मग खनिज, सोडियम सगळे बाजूला काढून केवळ टिप३पी पाण्याची एक पेटी, म्हणजे रेणूंनी भरलेली संगणकातली काल्पनिक जागा, २५ अंशांना चालवली गेली. तिचा विसरणांक ५ च्या वर आला. या क्षेत्रात काम करणाऱ्यांना हा आकडा नवा नाही. टिप३पी पाण्याचा विसरणांक ५ ते ६ दरम्यान येतो, हे अनेक गटांनी स्वतंत्रपणे मोजलेले आहे. म्हणजे मसुद्यातल्या २ या आकड्याची तुलना २.३ शी नव्हे तर या पाच-सहाशी करायला हवी होती. तशी केली की फटीतले पाणी मोकळ्या पाण्याच्या निम्म्याहूनही कमी वेगाने सरकते, असा नेमका उलटा निष्कर्ष निघतो. एका साध्या पेटीने प्रकरणाचा मुख्य दावा पालटला.

टिप३पी इतके सैल का

पाण्याच्या रेणूला संगणकासाठी सोपे करण्याची कल्पना जुनी आहे. बर्नाल आणि फाउलर यांनी १९३३ सालीच प्रभारांच्या काही बिंदूंनी पाण्याचे चित्र काढले होते. द्रवरूप पाण्याचे रेणू-गतिकी सिम्युलेशन पहिल्यांदा १९७१ साली अनीसुर रहमान आणि फ्रँक स्टिलिंजर यांनी प्रसिद्ध केले. रहमान मूळचे हैदराबादचे. त्यांच्या पेटीत २१६ रेणू होते, म्हणजे सहा गुणिले सहा गुणिले सहा. आजही ग्रोमॅक्स या सॉफ्टवेअरबरोबर पाणी भरण्यासाठी जी तयार पेटी मिळते तिच्यात २१६ रेणू असतात, ही जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट.

१९८१ साली बेरेन्डसन आणि सहकाऱ्यांनी एसपीसी आणि १९८३ साली यॉर्गनसन आणि सहकाऱ्यांनी टिप३पी व टिप४पी ही मॉडेले दिली. टिप३पीमध्ये रेणू ताठ त्रिकोणासारखा धरलेला असतो. ऑक्सिजन ते हायड्रोजन अंतर ०.९५७२ अँगस्ट्रॉम, कोन १०४.५२ अंश, ऑक्सिजनवर उणे ०.८३४ आणि प्रत्येक हायड्रोजनवर अधिक ०.४१७ प्रभार. रेणू एकमेकांत घुसू नयेत म्हणून लेनर्ड-जोन्सचे बल केवळ ऑक्सिजनवर ठेवलेले असते. खऱ्या रेणूतले इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांमुळे सरकतात, त्यामुळे वाफेत १.८५५ डिबाय असलेला डायपोल मोमेंट, म्हणजे रेणूतले धन आणि ऋण प्रभार किती विलग आहेत याचे माप, द्रवात पुष्कळ वाढतो. मॉडेलमध्ये तो २.३५ डिबायवर कायमचा गोठवलेला असतो. पाणी बर्फाशेजारी असो, सोडियमला चिकटलेले असो की वाफेच्या सीमेवर असो, त्याच्यात बदल होत नाही.

हे आकडे ठरवताना नजरेसमोर प्रामुख्याने दोन गोष्टी होत्या : २५ अंशांना पाण्याची घनता आणि बाष्पीभवनाची उष्णता. रेणू किती वेगाने सरकतात, द्रव किती घट्ट आहे, बर्फ कधी वितळतो, हे त्या जुळवणीत आलेच नव्हते. त्याचे परिणाम पुढे मोजले गेले. टिप३पीच्या बर्फाचा वितळणबिंदू सुमारे १४६ केल्विन निघतो. खऱ्या बर्फाचा २७३. म्हणजे २५ अंशांची टिप३पीची पेटी स्वतःच्या वितळणबिंदूच्या दीडशे केल्विन वर असते. अशा द्रवाकडून खोलीच्या तापमानाच्या पाण्याचा संथपणा अपेक्षिणेच गैर आहे. ऑक्सिजनभोवतीच्या रचनेतही हेच दिसते. खऱ्या पाण्यात पहिल्या शेजाऱ्यांनंतर सुमारे साडेचार अँगस्ट्रॉमवर शेजाऱ्यांचा दुसरा उंचवटा येतो आणि तो चतुष्फलकीय रचनेची खूण असतो. टिप३पीमध्ये तो जवळपास सपाट होतो. हायड्रोजन बंध जुळतात, पण त्यांची चौकट धरून राहत नाही आणि रेणू सहज निसटतात.

व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, पाहिली तर हे आणखी स्पष्ट होते. खऱ्या पाण्याची व्हिस्कॉसिटी २५ अंशांना ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते, टिप३पीची सुमारे ०.३२. विसरणांक आणि व्हिस्कॉसिटी यांचा गुणाकार खऱ्या पाण्यासाठी २.०५ येतो. पेटीच्या आकाराची दुरुस्ती (ती पुढे येते) केल्यावर टिप३पीचा विसरणांक सुमारे ६ भरतो, तेव्हा त्याचा गुणाकार १.९ येतो. दोन्ही गुणाकार इतके जवळ आहेत याचा अर्थ असा की वेग जास्त असणे आणि द्रव पातळ असणे हे दोन स्वतंत्र दोष नाहीत.

लहान पेटीचा मोह

बैठकीनंतर एक गंमत झाली, आणि ती लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. विभागातल्याच दुसऱ्या एका विद्यार्थ्याने पेटी लहान करून पाहिली आणि विसरणांक खाली आला. प्रयोगाच्या थोडा जवळ गेला, असे त्याचे म्हणणे होते. आकडा खाली आला हे खरे होते. कारण मात्र निराळे होते. सिम्युलेशनची पेटी सर्व बाजूंनी स्वतःच्याच प्रतींनी वेढलेली असते आणि रेणू सरकताना उठणारा प्रवाह या प्रतींमार्फत त्याच रेणूला मागे ओढतो. पेटी जितकी लहान तितकी ही ओढ जास्त. येह आणि हमर यांनी २००४ साली यासाठी सूत्र दिले आहे. त्यानुसार मोजलेल्या आकड्यात जी भर घालावी लागते ती तापमानाच्या सम प्रमाणात, तर पेटीच्या लांबीच्या आणि द्रवाच्या व्हिस्कॉसिटीच्या व्यस्त प्रमाणात असते.

तीन नॅनोमीटर बाजूची घनाकृती पेटी घेऊन आम्ही फळ्यावर हिशेब केला. व्हिस्कॉसिटी ०.८९ धरली तर भर ०.२३ येते आणि टिप३पीची ०.३२ धरली तर ०.६५. म्हणजे पातळ मॉडेलला ही भर जवळजवळ तिप्पट लागते आणि ती घातली की आकडा प्रयोगापासून आणखी दूर जातो. लहान पेटीत टिप३पी बरे दिसते याचे कारण दोन चुका परस्परविरुद्ध दिशांना खेचत असतात, एवढेच आहे. इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. हे सूत्र घनाकृती पेटीतल्या मोकळ्या द्रवासाठी आहे. दोन भिंतींमधल्या फटीला ते जसेच्या तसे लावता येत नाही, कारण भिंत स्वतःच प्रवाह अडवते. फटीसाठी पेटीची लांबी-रुंदी बदलून आकडा स्थिरावतो का, हे पाहणे हाच सरळ मार्ग.

"अडीचने भागून टाकू" हा प्रस्ताव

सर्व हिशेब झाल्यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे दुरुस्तीचा गुणक. टिप३पी खऱ्या पाण्याच्या सुमारे अडीचपट वेगवान आहे, तर फटीतला आकडा अडीचने भागावा आणि मोकळे व्हावे. मोकळ्या द्रवात, एकाच तापमानाला, व्हिस्कॉसिटीच्या प्रमाणात आकडे बदलून घेण्याला काही आधार आहे, हे वरच्या गुणाकारावरून दिसतेच. पण इथे तो दोन कारणांनी लंगडा पडतो.

पहिले कारण फटीचे आहे. फटीतल्या रेणूला अडवणारी गोष्ट केवळ शेजारचे पाणी नसते. सोडियमचे कवच आणि पापुद्र्याच्या पृष्ठभागावरचे ऑक्सिजन हेही त्याला धरून ठेवतात. ही पकड टिप३पीमुळे अडीचपट सैल झालेली असेलच असे नाही, त्यामुळे मोकळ्या पाण्याचा गुणक तिथे लावता येत नाही. प्रमाण काढण्याची पद्धतही, म्हणजे फटीतला आकडा त्याच मॉडेलच्या मोकळ्या आकड्याने भागण्याची पद्धतही, याच कारणाने अंदाजापुरतीच ठीक आहे.

दुसरे कारण तापमानाचे आहे आणि नागपूरच्या प्रश्नाला तेच अधिक झोंबते. खऱ्या पाण्याचा विसरणांक २५ अंशांना २.३० असतो, तो ४५ अंशांना ३.५८ पर्यंत चढतो. वीस अंशांत दीडपटीहून थोडी जास्त वाढ. टिप३पी आधीच सैल असल्यामुळे तापमान वाढल्यावर तितक्या पटीने वेगवान होत नाही. २५ अंशांना ठरवलेला गुणक ४५ अंशांना चुकीचा ठरतो, आणि विद्यार्थिनीचा अर्धा प्रश्न तर तापमानाने होणाऱ्या वाढीचाच होता. गुणक लावून तिने वाढीचा आकडा दिला असता तर तो मॉडेलने खऱ्याहून लहान करून दिलेला आकडा ठरला असता, आणि तेही नवतप्याच्या मातीबद्दल.

मग कोणते पाणी

खर्चाचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण टिप३पीची पाठराखण करताना तोच पुढे येतो. प्रयोगशाळेतला संगणक मे महिन्यात कूलरच्या तोंडाशी ठेवूनही तापतो, ग्राफिक्स कार्ड आपोआप वेग कमी करते आणि रात्रभराचे काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लांबते. अशा वेळी स्वस्त मॉडेलचा हट्ट समजण्यासारखा आहे. पण तीन बिंदूंच्या दोन रेणूंमध्ये नऊ अंतरे मोजावी लागतात आणि ती टिप३पीला तशीच एसपीसी/ई या तीन बिंदूंच्याच मॉडेललाही (त्याची ओळख पुढे येते) मोजावी लागतात. मॉडेल बदलल्याने एका सेकंदाचाही जादा खर्च येत नाही. चार बिंदूंच्या टिप४पी प्रकारात ती दहा होतात. प्रथिनांच्या पेटीत बहुतेक अणू पाण्याचे असतात म्हणून तिथे या फरकाला थोडा अर्थ आहे. इथे मॉन्टमोरिलोनाइटच्या एका एकक पेशीत, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्यात, चाळीस अणू खनिजाचेच असतात आणि दोन थरांच्या अवस्थेत त्यांच्यासोबत पाण्याचे दहाएक रेणू येतात.

प्रथिनांसाठी टिप३पी वापरणाऱ्यांवर या टिपणाचा रोख नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. अँबर आणि चार्म या घराण्यांची फोर्स फील्डे टिप३पीला सोबत घेऊन घडवली गेली आहेत. तिथे केवळ पाणी सुधारले तर प्रथिन आणि पाणी यांच्यातला तोल बिघडू शकतो. निष्ठेला तिथे कारण आहे. खनिजाच्या बाबतीत ते नाही, कारण क्लेएफएफची जोडी मुळात एसपीसी पाण्याशी, तेही लवचीक बंधांच्या एसपीसीशी, जमवलेली होती.

मग मूळ जोडीदार म्हणून साधे एसपीसीच घ्यावे का? मोकळ्या पाण्यासाठी ताठ एसपीसीचा विसरणांकही ४ च्या आसपास येतो. इथे १९८७ सालची दुरुस्ती उपयोगी पडते. बेरेन्डसन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की वाफेतल्या रेणूचा डायपोल द्रवात वाढवण्यासाठी जी ऊर्जा खर्च होते ती जुन्या हिशेबात धरलेलीच नव्हती. रेणूमागे ही ऊर्जा ५.२२ किलोज्यूल प्रति मोल येते. ती धरून हायड्रोजनवरचा प्रभार ०.४१ वरून ०.४२३८ केला, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास वाढवला, आणि विसरणांक सुमारे २.५ वर आला. आकार तोच, लेनर्ड-जोन्सचे आकडे तेच, केवळ प्रभारात एवढीशी वाढ. या मॉडेलचे नाव एसपीसी/ई. सोप्या मॉडेलांच्या सगळ्या इतिहासात इतक्या लहान बदलाने इतके काम झालेले दुसरे उदाहरण मला आठवत नाही. शिवाय क्लेएफएफमधील सोडियमचे आकडे स्मिथ आणि डँग यांच्या ज्या कामातून आले आहेत ते एसपीसी/ई पाण्यातच झालेले होते. खनिज, आयन आणि पाणी अशी तिन्ही माणसे एकाच गावची निघाली.

टिप४पी/२००५ चा विचार झाला. अबास्कल आणि वेगा यांचे हे मॉडेल मोकळ्या पाण्यासाठी अधिक चांगले आहे. त्याची व्हिस्कॉसिटी ०.८५ च्या वर येते, सर्वाधिक घनता २७८ केल्विनला मिळते आणि बर्फ २५२ केल्विनला वितळतो, तर एसपीसी/ईचा २१५ लाच. पण त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे प्रभारांमधले बल पाणी किती क्षीण करते याचे माप, खऱ्या ७८ ऐवजी साठाच्या खाली राहतो, आणि त्याच्याशी जुळणारे आयनांचे आकडे वेगळे घ्यावे लागतात. पहिल्या फेरीसाठी एसपीसी/ई आणि पडताळणीसाठी टिप४पी/२००५, असे ठरले.

याहूनही सोप्या मॉडेलांची नावे निघाली. मॉलिनेरो आणि मूर यांचे एमडब्ल्यू मॉडेल पाण्याचा अख्खा रेणू एका कणात बसवते आणि बर्फ होण्याच्या प्रक्रियेत ते फार मोलाचे ठरलेले आहे. मात्र त्यात प्रभारच नाहीत, त्यामुळे प्रभारित पापुद्रे आणि सोडियम यांच्यामध्ये ते ठेवण्यात अर्थ उरत नाही. मार्टिनी मॉडेलच्या नेहमीच्या पाण्यात चार रेणू मिळून ४.७ अँगस्ट्रॉमचा एक मणी होतो. आपली दोन थरांची फट सहा अँगस्ट्रॉमची आणि एका थराची तीनची. दोन थरांच्या जागी एक मणी कसाबसा मावेल, एका थराच्या फटीत तो शिरणारच नाही. शिवाय हे पाणी खोलीच्या तापमानाच्या जवळच गोठू लागते आणि सपाट भिंत त्याला गोठायला मदतच करते. हे पर्याय तिथेच थांबले.

बदललेले प्रकरण

नव्या मसुद्यात पहिला तक्ता मोकळ्या पाण्याचा आहे : निवडलेल्या दोन्ही मॉडेलांचे, दोन्ही तापमानांचे विसरणांक, पेटीच्या आकाराची दुरुस्ती करून आणि प्रयोगाचे आकडे शेजारी ठेवून. एसपीसी/ई घेतल्यावर फटीतल्या पाण्याचा वेग मोकळ्या पाण्याच्या खूपच खाली आला आणि न्यूट्रॉनच्या आकड्यांशी त्याचे भांडण उरले नाही. नमुन्यातील दोषांवरचा परिच्छेद काढावा लागला. "मुक्त पाण्याप्रमाणे वागते" हे वाक्यही गेले. माती ओल कशी सोडते यावरचे विधान आता फटीपुरते न ठेवता कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांकडे वळवले आहे, आणि त्यासाठी या सिम्युलेशनमध्ये पुरावा नाही असे तिने स्पष्ट लिहिले आहे. हा बदल मला आकड्यांच्या बदलापेक्षा महत्त्वाचा वाटला. टिप३पीचे जुने निकाल तिने टाकून दिले नाहीत. परिशिष्टात ते मॉडेलचा परिणाम दाखवण्यासाठी ठेवले आहेत.

एक प्रश्न उरलेला आहे आणि तो पुढच्या टप्प्याचा आहे. विदर्भातल्या काळ्या मातीत फटींमधला मुख्य आयन सोडियम नसून कॅल्शियम असतो. दोन प्रभारांचा हा आयन सोप्या, न बदलणाऱ्या पाण्यात भिंतीला आणि पाण्याला प्रमाणाबाहेर घट्ट धरून बसतो, कारण इलेक्ट्रॉन सरकल्याने मिळणारा सैलपणा मॉडेलमध्ये नसतो. यावर आयनांचे प्रभार कमी करण्याचा मार्ग आहे. टिप४पी/२००५ सोबत वापरल्या जाणाऱ्या माद्रिद-२०१९ या संचात ते ०.८५ पटीने घेतात, म्हणजे कॅल्शियम २ ऐवजी १.७ चे होते. मोकळ्या द्रावणात हे चालून जाते, कारण ऋण आयनही त्याच प्रमाणात कमी केलेला असतो. इथे ऋण प्रभार पापुद्र्यात बसलेला आहे आणि क्लेएफएफमध्ये तो पूर्ण आहे. १.७ चे कॅल्शियम घातले तर पेटीचा हिशेब शून्यावर येत नाही, आणि तो आणण्यासाठी खनिजाचे प्रभार कमी करायला घेतले तर ज्या फोर्स फील्डवर भरवसा ठेवून काम सुरू झाले त्यालाच हात लागतो. तूर्त पूर्ण प्रभाराचे कॅल्शियम एसपीसी/ई पाण्यात, खनिजाशिवाय, चालवून त्याच्याभोवती पाण्याचे किती रेणू जमतात हे आधी पाहायचे, आणि ती संख्या प्रयोगांत मिळणाऱ्या सहा ते आठच्या पट्ट्यात बसली तरच ते फटीत घालायचे, असे मॅडमनी तिला सांगितले आहे.